अठ्ठावीस दिवसांचा महिना आणि गरिबाचा खिसा

कामगाराला पगार महिन्याला मिळतो. घरमालक भाडे महिन्याला मागतो. विजेचे बिल महिन्याला येते, दूधवाल्याचा हिशेब महिन्याला होतो, किराणा दुकानातली उधारीही महिन्याच्या अखेरीलाच चुकती केली जाते. या देशात फक्त मोबाइल कंपन्यांचा महिना तेवढा वेगळा आहे. तो अठ्ठावीस दिवसांचा आहे! वर्षाचे महिने बारा आहेत, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु अठ्ठावीस दिवसांचे बारा रिचार्ज मारले तर दिवस भरतात ३३६. उरलेल्या एकोणतीस दिवसांसाठी तेरावा रिचार्ज मारावाच लागतो. हा तेरावा महिना कोणत्याही कॅलेंडरात छापलेला नाही, कोणत्याही मालकाच्या पगारपत्रकात नाही. तो आहे फक्त गरिबाच्या खिशातून पैसे काढण्याच्या शास्त्रात.

काही वाचकांना वाटेल की, आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती, गायरान जमिनी असे जीवनमरणाचे प्रश्न समोर असताना मोबाइलच्या रिचार्जवर अग्रलेख कशाला? आमचे म्हणणे असे आहे की, हाही आता जीवनमरणाचाच प्रश्न झाला आहे. मोबाइल ही एकेकाळी चैन होती. आज तो सरकारच्या दारावरची कडी आहे. ती वाजवल्याशिवाय दार उघडत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा तर ओटीपी लागतो. बँकेतून पैसे काढले तर संदेश फोनवर येतो. गॅसचा नंबर फोनवरून लावायचा. रोजगाराचे बोलावणे फोनवर येते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला मुकादम फोन करतो, घरकाम करणाऱ्या बाईला मालकीण फोन करते आणि फोन लागला नाही तर दुसऱ्या बाईला बोलावते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली, तेव्हा आधी बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी आणि नंतर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारला जोडलेल्या नंबरवर दुसरा ओटीपी, अशी रचना होती. म्हणजे पंधराशे रुपयांच्या मदतीसाठी एका घरात दोन सिमकार्डे जिवंत असली पाहिजेत. सरकारने फोन सक्तीचा केला, पण फोन चालू ठेवण्याचा खर्च कोणी करायचा, यावर मात्र ते गप्प आहे.

म्हणून आम्ही आज हा हिशेब मांडायचे ठरवले आहे. एका माणसाचा नव्हे, एका कुटुंबाचा. कारण दुकानात टांगलेल्या तक्त्यावर किंमत एका सिमची आणि अठ्ठावीस दिवसांची असते, आणि खर्च मात्र साऱ्या घराचा आणि साऱ्या वर्षाचा असतो.

उदाहरणादाखल आपल्या कोणत्याही वस्तीतले पाच माणसांचे घर घ्या. वडील बिगारी, आई चार घरची धुणीभांडी करणारी, मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा अकरावीला आणि आजीकडे बटणाचा साधा फोन. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले, ते दर आपण हिशेबाला घेऊ. एअरटेलच्या त्या यादीत सर्वांत खालचा अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज १९९ रुपयांचा होता. त्यात बोलणे अमर्याद आणि नेट दोन जीबी. रोज एक जीबी नेट हवे असेल तर अठ्ठावीस दिवसांना २९९ रुपये. आजी, आई आणि वडील यांनी १९९चा रिचार्ज मारला तर प्रत्येकी वर्षाला तेरा वेळा, म्हणजे २,५८७ रुपये. तिघांचे झाले ७,७६१. मुलगी आणि मुलगा शिकतात, त्यांना नेट लागते. त्यांचे प्रत्येकी तेरा वेळा २९९, म्हणजे ३,८८७. दोघांचे ७,७७४. एकूण बेरीज १५,५३५ रुपये!

पंधरा हजार पाचशे पस्तीस रुपये म्हणजे किती? महाराष्ट्रात २०२५-२६ साठी केंद्रीय रोजगार हमीचा मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये ठरलेला होता. त्या दराने हा खर्च भागवायला जवळजवळ पन्नास दिवस खड्डे खणावे लागतात. २००५च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली होती. शंभर दिवस पूर्ण मिळाले असे धरले, तरी त्यातले निम्मे दिवस मोबाइल कंपन्यांसाठी राबायचे. कोणाच्या हे कधी लक्षात आले आहे काय? येणार कसे? कारण ही रक्कम एकदम जात नाही. ती १९९, २९९ अशी तुकड्यातुकड्याने जाते. एखाद्या सावकाराने वर्षाला पंधरा हजार मागितले असते तर वस्ती पेटून उठली असती.

आता शिष्यवृत्तीकडे पाहू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. २०२१ मध्ये तिचे निर्वाह भत्ते नव्याने ठरवण्यात आले. त्यानुसार बी. ए., बी. कॉम.सारख्या सर्वसाधारण पदवीला शिकणाऱ्या आणि घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा भत्ता वर्षाला ३,००० रुपये आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याचा वर्षाला २,५०० रुपये आहे. आणि वर आपण पाहिले की, रोज एक जीबी नेट घेणाऱ्या मुलीचा वर्षाचा रिचार्जच ३,८८७ रुपयांचा होतो. म्हणजे पुस्तके, वह्या, बसचा पास, परीक्षेची धावपळ हे सारे बाजूलाच राहिले. सरकार ज्याला निर्वाह भत्ता म्हणते, त्यात फोनचाही निर्वाह होत नाही. बरे, हा भत्ता तरी वेळेवर मिळतो काय? वर्ष संपून गेल्यावर खात्यात येतो. आणि तो आला की नाही, हे पाहायलाही फोन चालू असावा लागतो! शिक्षण ऑनलाइन, अर्ज ऑनलाइन, प्रवेशाच्या याद्या ऑनलाइन, परंतु भत्ता ठरवताना विद्यार्थ्याच्या हातात मोबाइल आहे, हे मंत्रालयाच्या गावीही नाही. ही चूक अजाणता झालेली नाही. ज्यांच्या मुलांच्या घरी वायफाय आहे, त्यांनी ज्यांच्या घरी नाही त्यांचे भत्ते ठरवले, तर दुसरे काय होणार?

हा खर्च एवढा कसा वाढला, याचा इतिहासही आपल्याला माहीत असला पाहिजे. ३१ जुलै १९९५ रोजी या देशात मोबाइलवरून पहिला संवाद झाला, तेव्हा आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झाले आणि मोबाइल पहिल्यांदा कामगाराच्या खिशात आला. डिसेंबर २००५ आणि जानेवारी २००६ च्या सुमारास कंपन्यांनी ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' अशी जाहिरात केली. आपल्या वस्त्यांमधून हजारोंनी उसनेपासने करून ती कार्डे घेतली. एकदा पैसे भरा आणि जन्मभर फोन घ्या! पुढे काय झाले? नोव्हेंबर २०१८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी दर अठ्ठावीस दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला. तो मारला नाही तर आधी जाणारा फोन बंद, मग येणारा फोनही बंद. ज्यांच्या खात्यात बॅलन्स शिल्लक आहे त्यांची सेवा तोडू नका, असे ट्रायला तेव्हा कंपन्यांना बजावावे लागले. कंपन्यांचे 'लाइफ' आणि गरिबाचे 'लाइफ' यांतला फरक त्या दिवशी कळला.

तेथून पुढे आकडे पाहा. एअरटेलची ही किमान पायरी डिसेंबर २०१९ मध्ये ४५ झाली. जुलै २०२१ मध्ये ७९, नोव्हेंबर २०२१ मध्ये ९९. २०२२च्या अखेरीपासून एकेका राज्यात करत ती १५५ वर नेली आणि मुदत ठेवली चोवीस दिवस! जुलै २०२४ मध्ये १९९. सहा वर्षांच्या आत किमान खर्च साडेपाच पटींहून अधिक वाढला. या काळात कोणत्या बिगाऱ्याची मजुरी साडेपाच पट झाली? कोणत्या घरकामगार बाईचा पगार साडेपाच पट झाला? बाबासाहेबांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात हेच दाखवून दिले होते की, भाव वर चढतात तेव्हा मजुरी त्यांच्या मागे रखडत राहते आणि व्यापाऱ्याचा फायदा मजुराच्या तोट्यातून उभा राहतो. शंभर वर्षांनंतरही ते गणित बदललेले नाही.

कंपन्यांची बाजू अशी की, पूर्वी ३५ रुपयांत अमर्याद बोलणे नव्हते, नेट नव्हते. आज १९९ मध्ये दोन्ही मिळते. हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. ज्या तरुणाला बोलायचे आहे, नेट वापरायचे आहे, त्याला आजचा दर पूर्वीच्या मानाने स्वस्तही पडेल. पण प्रश्न आजीचा आहे. तिला नेट नको. तिला अमर्याद बोलणेही नको. तिला फक्त पुण्याच्या लेकीचा फोन यायला हवा आणि निराधार योजनेच्या पैशांचा संदेश यायला हवा. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यातले १९९ फोन जिवंत ठेवण्यात गेले, तर साडेसात रुपयांतला एक रुपया कंपनीला गेला. जे तिला नको, ते तिच्या गळ्यात बांधायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, याला स्वस्ताई म्हणत नाहीत.

ही तक्रार देशभरातून होती, म्हणूनच ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलला आणि नेट नसलेला, फक्त बोलणे व एसएमएस असलेला निदान एक रिचार्ज ठेवलाच पाहिजे, असे कंपन्यांना सांगितले. अशा रिचार्जची कमाल मुदत नव्वद दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. आदेश चांगला होता. पण त्याची अंमलबजावणी कशी झाली? एअरटेलचा ८४ दिवसांचा सहा जीबी नेटसह रिचार्ज ५०९ रुपयांना होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यातले नेट काढून टाकले आणि किंमत ठेवली ४९९! म्हणजे दहा रुपयांची 'सवलत'. ओरड झाल्यावर ती ४६९ झाली. ८४ दिवसांत चाळीस रुपये कमी, दिवसाला पन्नास पैसेसुद्धा नाहीत. जिओनेही तेच केले. आधी ४५८, मग ४४८. आदेशाचे शब्द पाळले गेले, पण हेतू मारला गेला. दर किती असावा, हे ट्राय ठरवत नाही. ते ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आहे. त्यांनी फक्त दर लागू झाल्यावर कामकाजाच्या सात दिवसांत ट्रायला कळवायचे असते. राखणदाराला दरवाजा दाखवला, पण किल्ली चोराकडेच ठेवली, असा हा कारभार आहे.

अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याचेही असेच झाले. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने आदेश काढला की, प्रत्येक प्रकारात निदान एक रिचार्ज तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला मारता येईल असा असलाच पाहिजे. कंपन्यांनी तसे रिचार्ज ठेवले. कोठे? यादीच्या तळाशी. आजही टपरीवाल्याला 'महिन्याचा मारा' असे सांगितले की तो अठ्ठावीस दिवसांचाच मारतो, कारण त्याच्यासमोर तोच असतो आणि गिऱ्हाइकाला दुसरा आहे हे ठाऊक नसते. हक्क कागदावर असून भागत नाही. तो माणसापर्यंत पोहोचावा लागतो. हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

आता सर्वांत कटू गोष्ट. हा बाजार गरिबाकडून श्रीमंतापेक्षा जास्त पैसे घेतो. ज्याच्या हातात एकदम पैसे आहेत, तो वर्षाचा रिचार्ज मारतो. जुलै २०२४ च्याच यादीत ३६५ दिवसांचा, २४ जीबी नेटचा रिचार्ज १,९९९ रुपयांना होता. दर अठ्ठावीस दिवसांनी १९९ भरणाऱ्याचे २,५८७ जातात. सेवा जवळपास तीच, पण ज्याच्याकडे दोन हजार एकदम नाहीत त्याला ५८८ रुपये जादा भरावे लागतात. जिओचा रोज दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा दर २९९ आणि चौऱ्याऐंशी दिवसांचा ७९९. तीन वेळा २९९ भरणाऱ्याचे होतात ८९७. अठ्ठ्याण्णव रुपये दंड. गुन्हा कोणता? खिशात एकदम आठशे रुपये नसणे! पावशेर तेल घेणाऱ्याला डबा घेणाऱ्यापेक्षा महाग पडते, हे आपण जन्मभर पाहत आलो. आता हवेतून येणाऱ्या लहरींनाही पावशेराचा भाव लागला आहे.

त्यावर कर आहे तो वेगळाच. मोबाइल सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. प्रीपेडच्या छापील किमतीत तो आधीच धरलेला असतो, म्हणून दिसत नाही. १९९ मधले तीस रुपये सरकारचे असतात. वरच्या पाच जणांच्या घराने १५,५३५ भरले, त्यांतले सुमारे २,३७० रुपये कर म्हणून गेले. 'हे लोक कर भरत नाहीत, फुकटचे खातात' असे जे वस्त्यांकडे बोट दाखवून म्हणतात, त्यांनी हा आकडा वाचावा.

मग 'फॅमिली प्लॅन' घ्यावा काय? एका बिलावर साऱ्या घराचे फोन, अशी त्याची जाहिरात असते. जाहिरात वाईट नाही, पण हिशेब करूनच घ्यावा. जुलै २०२४ नंतर जिओच्या पोस्टपेडमध्ये पहिला नंबर ४४९ आणि पुढचे तीन प्रत्येकी १५० रुपयांना, म्हणजे चार जणांचे ८९९. परंतु पोस्टपेडच्या छापील दरात जीएसटी धरलेला नसतो. तो लावला की बिल येते १,०६१ रुपयांचे. पोस्टपेडचा महिना मात्र खरा महिना असतो, ही त्यातली चांगली बाजू. बारा बिलांचे होतात १२,७३० रुपये. चौघांनाही रोज दीड जीबी लागत असेल, तर प्रीपेडचे वर्षाचे १५,५४८ होतात, म्हणजे फॅमिली प्लॅन स्वस्त पडतो. मात्र त्यात चौघांत मिळून महिन्याला ९० जीबीच नेट असते, हे विसरू नये. पण घरात दोघांना नेट लागते आणि दोघांचे १८९ रुपयांच्या साध्या रिचार्जमध्ये भागते, असे असेल तर प्रीपेडचे होतात १२,६८८. म्हणजे दोन्ही सारखेच. एअरटेलचा चार जणांचा प्लॅन तेव्हा १,१९९ रुपयांचा झाला. करासह १,४१५. वर्षाचे जवळपास १७,०००. त्यात नेट भरपूर आहे, चित्रपट-मालिकांच्या ॲपची वर्गणी आहे. ज्या घराला ते हवे आहे त्याने खुशाल घ्यावे. ज्या घरात दोघे १९९चा आणि दोघे २९९चा रिचार्ज मारतात, त्यांचे वर्षाला १२,९४८ मध्ये भागते. त्यांना हा 'कुटुंबाचा' प्लॅन चार हजारांनी महाग पडतो.

आणि पैशांखेरीज दुसराही एक धोका आहे. पोस्टपेडचे बिल एकाच्या नावावर असते. त्याने बिल थकवले, तो आजारी पडला, त्याचे काम सुटले, की चारही फोन एकदम बंद. ज्यांची मिळकत दर महिन्याला ठरलेली असते, त्या नोकरदारांसाठी हे ठीक आहे. ज्यांच्या हाताला पंधरा दिवस काम आणि पंधरा दिवस बेकारी, त्यांनी सारे घर एका बिलाला बांधून घेऊ नये, असे आमचे मत आहे.

तंगीच्या दिवसांत घरातला कोणता रिचार्ज आधी चुकतो, हेही बोलले पाहिजे. तो आईचा चुकतो. मग मुलीचा. कर्त्या पुरुषाचा आणि मुलाचा सर्वांत शेवटी. 'तुला कोणाचा फोन येणार आहे?' असा प्रश्न विचारून बाईचा फोन बंद पडू दिला जातो. तिचा नंबर फार दिवस बंद राहिला की तो रद्द होतो आणि काही काळाने दुसऱ्याच कोणाला दिला जातो. मग आधारला जोडलेला नंबर बदलण्यासाठी केंद्रावर रांग लावायची, ऑक्टोबर २०२५ पासून पन्नासऐवजी पंचाहत्तर रुपये शुल्क भरायचे आणि एक दिवसाची मजुरी बुडवायची. वाचवलेले १९९ रुपये असे दुपटीने जातात. आपल्या चळवळीच्या घरांनी तरी हे होऊ देऊ नये. बाईच्या हातातला चालू फोन ही तिची बँक आहे, तिची साक्ष आहे आणि अत्याचाराच्या वेळी तिची हाकही आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, रिचार्ज मारण्याआधी किमतीला दिवसांनी भागा. १९९ला २८ने भागले की दिवसाला सात रुपये अकरा पैसे येतात, १,८४९च्या वर्षाच्या फक्त बोलण्याच्या रिचार्जला ३६५ने भागले की पाच रुपये सात पैसे. दिवसाचा भाव कळला की जाहिरात फसवू शकत नाही. दुसरी गोष्ट, घरात प्रत्येकाला काय लागते ते बसून ठरवा. आजीला नेट नको असेल तर ते तिच्या नावाने विकत घेऊ नका. ९९९ रुपयांच्या जिओभारत फोनचा १२३ रुपयांचा रिचार्ज जुलै २०२४च्या वाढीतही तसाच ठेवला होता. त्याचे वर्षाला १,५९९ होतात, मात्र त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नाही, हे लक्षात ठेवा. तिसरी गोष्ट, नंबर न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क वापरा. नंबर नव्वद दिवस चालू असला की १९०० वर संदेश पाठवून तो बदलता येतो. स्वस्त रिचार्जमध्ये एसएमएसच न ठेवून गरिबांचा हा मार्गही बंद करण्यात आला होता. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने आदेश दिला की, रिचार्ज कोणताही असो, हा संदेश गेलाच पाहिजे.

चौथी गोष्ट संघटनेची आहे. एकट्याकडे एकदम दोन हजार नसतात, पण बचत गटाकडे असतात. गटाने सभासद बाईला वर्षाच्या रिचार्जसाठी १,८४९ रुपये द्यावेत आणि तिने ते बारा हप्त्यांत फेडावेत. महिना दोन टक्के व्याज धरले, तरी उतरत्या मुद्दलावर वर्षाचे व्याज होते सुमारे २४० रुपये. एकूण २,०८९. तुकड्यातुकड्याने भरले असते तर गेले असते २,५८७. पाचशे रुपये वाचले, आणि व्याजाचे २४० रुपयेही कंपनीला न जाता गटातच राहिले. वीस बायांच्या गटाचे वर्षाला दहा हजार वाचतात. आपल्या विहारांतून, वाचनालयांतून हा हिशेब फळ्यावर लिहिला जावा. कॉलेजच्या तरुणांनी रविवारी एक तास बसून वस्तीतल्या घरांचे रिचार्ज तपासून द्यावेत. ही कामे लहान वाटतात, पण माणसाला आपला पैसा कोठे जातो हे कळणे, ही त्याच्या जागृतीची सुरुवात असते.

परंतु केवळ काटकसरीने हा प्रश्न सुटणार नाही. लूट व्यवस्थेतून होते आणि उपदेश मात्र गरिबाला, हे आम्हाला मान्य नाही. सरकारकडे आमच्या स्पष्ट मागण्या आहेत. महिना तीस दिवसांचा हा नमुन्याचा एक रिचार्ज नसून सर्वांसाठी नियम झाला पाहिजे. प्रत्येक रिचार्जसमोर दिवसाचा आणि वर्षाचा भाव मराठीत, ठळक अक्षरांत छापला पाहिजे. येणारे फोन आणि ओटीपी वर्षभर चालू राहतील असा नाममात्र दराचा मूलभूत रिचार्ज सक्तीचा झाला पाहिजे. किमान रिचार्जवरचा जीएसटी रद्द झाला पाहिजे. शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता आजच्या खर्चाप्रमाणे वाढला पाहिजे आणि तो वर्षाच्या सुरुवातीला मिळाला पाहिजे. ज्याचा फोन बंद आहे त्याची योजना बंद पडणार नाही, अशी ओटीपीशिवायची सोय प्रत्येक कार्यालयात असली पाहिजे.

सरकारजवळ पैसा नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने व्होडाफोन-आयडियाची ३६,९५० कोटींची देणी शेअरमध्ये बदलून घेतली आणि त्या कंपनीत आपला हिस्सा जवळजवळ ४९ टक्क्यांवर नेला. कंपनीची थकबाकी समजून घेतली जाते, मुदत दिली जाते, मार्ग काढला जातो. आजीचा रिचार्ज एक दिवस थकला की तिला मात्र मुदत नाही! एअरटेलची दर ग्राहकामागची महिन्याची सरासरी मिळकत एप्रिल-जून २०२४ मध्ये २११ रुपये होती, ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये २४५ झाली. ते चौतीस रुपये आकाशातून पडलेले नाहीत.

आणि शेवटी बीएसएनएलविषयी. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, बीएसएनएलने वाढवले नाहीत. त्या एका महिन्यात सुमारे २९ लाख ग्राहक तिच्याकडे वाढले. लोक आंधळे नाहीत, त्यांना पर्याय हवा आहे. पण तेव्हा बीएसएनएलकडे धड फोरजी नव्हते. देशभरातल्या फोरजीचे उद्घाटन व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. तोपर्यंत आलेले अनेक जण रेंज मिळत नाही म्हणून परत गेले. पुढे तिनेही दर तोच ठेवून मुदत कमी करण्याचा खासगी कंपन्यांचा धडा गिरवला. एक सार्वजनिक कंपनी वर्षानुवर्षे अशक्त ठेवली की बाकीच्यांना दर वाढवायला भीती राहत नाही. सार्वजनिक क्षेत्र मोडले की आधी आपल्या नोकऱ्या जातात, हे आपण जाणतोच. त्यामागोमाग आपला खिसाही जातो, हे आता रिचार्जच्या टपरीवर कळते आहे.

पंधरा हजार पाचशे पस्तीस हा आकडा आम्ही मुद्दाम पुन्हा लिहितो. प्रत्येक वाचकाने आज रात्री आपल्या घराचा आकडा काढावा. घरातले फोन मोजावेत, रिचार्जचे दिवस पाहावेत, तेराने गुणावे आणि तो आकडा आपल्या मजुरीच्या दिवसांत मांडावा. मग पुढच्या सभेत, पुढच्या मोर्चात, मते मागायला दारात आलेल्या पुढाऱ्यासमोर तो आकडा ठेवावा. त्याला विचारावे की, आमचा पगार बारा महिन्यांचा, मग तुमच्या राज्यात रिचार्ज तेरा महिन्यांचा का?